ड्रॉईंगच्या पीसीला नेट बंद, त्याच पीसीतल्या व्हीएमला नेट चालू

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे फाउंड्रीतल्या ओतकामासाठी लागणारे नमुने आम्ही बनवतो. मागे मिस्त्रीमामांचं लाकूडकाम आणि एक व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं कटाईचं मशीन), पुढे दहा बाय बाराचं ऑफिस, आणि ऑफिसात एकच पीसी. फाउंड्रीवाल्यांची ड्रॉईंग त्या पीसीत असतात. पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं हाऊसिंग, कुणाच्या तरी नव्या मशीनचा अजून बाजारात न आलेला भाग. ती ड्रॉईंग आमची नव्हेत. पॅटर्न होईपर्यंत आमच्याकडे ठेवायला दिलेली ती दुसऱ्याची वस्तू आहे. दागिना गहाण ठेवून घेतलेला माणूस जसा तो जपतो, तशी ती जपायची असतात.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती आमच्याकडून जपली गेली नाहीत. ‘सुधारित ड्रॉईंग’ नावाचा मेल आला. चिन्ह पीडीएफचं होतं, नावाच्या शेवटी पीडीएफ असंच दिसत होतं, आणि त्याच्यापुढे लपलेलं ‘ईएक्सई’ मला दिसलं नाही. उघडणारी मीच होते. दुपारपर्यंत सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि स्क्रीनवर पैशांची मागणी आली. पैसे दिले नाहीत. जुने पेनड्राइव्ह, गिऱ्हाइकांकडच्या प्रती, मिस्त्रीमामांनी भिंतीला लावलेले कागद, असं गोळा करत बरंचसं परत उभं केलं. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून ‘तुमचं ड्रॉईंग आमच्याकडून गेलं’ म्हणून सांगताना जे वाटलं, ते मी विसरलेले नाही.

त्याच दिवशी ठरवलं, या पीसीला नेट नको. आप्पा म्हणाले, “अगं, नेट नको म्हणतीस, मग मेल कुठनं बघायचा? ई-वे बिल कोण काढणार?” त्यांचंही खरं होतं. आमचे बरेच पॅटर्न बेळगावच्या फाउंड्रीत जातात, म्हणजे राज्याबाहेर. ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय हलत नाही. पूर्वी शिरोलीचं ड्रॉईंग पोरगा पेनड्राइव्हवर मोटारसायकलनं आणायचा, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला आणि पेनड्राइव्ह तिकडेच अडकला. तेव्हापासून सगळे मेलवरच पाठवतात. मी म्हटलं, “थांबा आप्पा, बघतो मी काहीतरी.”

काहीतरी म्हणजे व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम. पीसीच्या आत दुसरा पीसी. आतल्याला नेट द्यायचं आणि बाहेरच्या, म्हणजे होस्टला, अजिबात द्यायचं नाही. ऐकायला उलटं वाटतं, कारण आतला बाहेरच्याच्या केबलवरच जगतो. पण होतं, आणि आमच्याकडे रोज चालतं. ऑफिसात जागा आणि हातात पैसा असेल तर दुसरा साधा पीसी घेऊन केबलच वेगळी ठेवणं याहून चांगलं, हे मी आधीच सांगते. व्हीएममधून होस्टमध्ये शिरणारे हल्ले दुर्मिळ असले तरी झालेले आहेत. पण मेल त्याच विंडोजवर उघडायचा आणि देवावर भरवसा ठेवायचा, त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. आमचा पीसी विंडोज ११ घेत नाही. अशा कितीतरी मशीन उद्यमनगरात आणि शिरोलीत कॅडचं, म्हणजे ड्रॉईंगच्या सॉफ्टवेअरचं, जुनं लायसन्स घेऊन उभ्या आहेत. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी.

एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा. तुमच्या कॅडचं लायसन्स कसलं आहे? आमचं यूएसबी डोंगलवर चालतं, त्याला नेट लागत नाही. काही सॉफ्टवेअर ठराविक दिवसांनी कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडतच नाहीत. तसं असेल तर नेट तोडल्यावर काही दिवसांनी ऐन कामात कॅड बंद पडेल.

आता समजून घेण्याची गोष्ट

व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर. त्यात नवी व्हीएम केली की तिचं नेटवर्क ‘नॅट’वर असतं. त्यात व्हीएमला १०.०.२.१५ असा आतला पत्ता मिळतो आणि तिचं सगळं येणंजाणं होस्टच्या नावानं होतं. जुन्या वाड्यातला भाडेकरू डोळ्यासमोर आणा. त्याची पत्रं मालकाच्या नावानं येतात, मालकाच्या दारातून आत येतात. मालकाचं दार बंद केलं की भाडेकरूची पत्रंही बंद. म्हणून नॅटवर ठेवून होस्टचं नेट काढलं तर व्हीएमचंही जातं. मी सुरुवातीला एक अख्खी संध्याकाळ यातच घालवली.

‘ब्रिज्ड’ प्रकारात भाडेकरूला गल्लीतून स्वतःचा जिना मिळतो. व्हीएम राउटरसमोर स्वतःच्या मॅक पत्त्यानं (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकानं) उभी राहते, राउटर तिला वेगळा आयपी देतो, आणि राउटरला ते दोन वेगळे पीसी वाटतात. विंडोज नेटवर बोलते ती टीसीपी-आयपी या भागातून. व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर नेटवर्क कार्डाला त्याच्याही खालच्या पातळीवर जाऊन मिळतो. म्हणून वरचा टीसीपी-आयपी काढून टाकला तरी खालून व्हीएमचं चालूच राहतं. आपल्याला नेमकं हेच करायचं आहे. मालकाच्या दाराला वीट-सिमेंट घालायचं आणि गल्लीतला जिना उघडा ठेवायचा.

तयारी

ही लवकर उरकते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, इंटेलच्या बोर्डावर ते व्हीटी-एक्स नावानं असतं. रॅम ८ जीबी असेल तर ओढाताण होते, १६ असेल तर आरामात. व्हर्च्युअलबॉक्स आणि लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी व्हीएममध्ये घालायच्या मोफत सिस्टिमची) आयएसओ फाइल दुसऱ्या कुठल्यातरी स्वच्छ पीसीवर, त्यांच्या मूळ संकेतस्थळांवरूनच उतरवा. मी व्हीएमला ४ जीबी रॅम, २ कोअर आणि ३० जीबी डिस्क दिली आहे. मेल, ई-वे बिल, जीएसटी, पीडीएफ बघणं, एवढ्याला पुरते. आत विंडोज घालायची गरज आम्हाला पडली नाही. ज्यांना डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागतं त्यांनी मात्र ते मिंटवर चालतं का, हे आधी बघावं.

व्हीएम चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर विंडोजची स्वतःची व्हीएम यंत्रणा, हायपर-व्ही, जागी आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स तिच्यावर बसून हळू चालतोय. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म यांच्या टिक काढून पीसी पुन्हा चालू करा.

मिंट घालून झालं, सगळे अपडेट झाले, की एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. पुढे कधी व्हीएममध्ये काही संशयास्पद उघडलं गेलं तर या स्नॅपशॉटवर परत जाता येतं. मधल्या काळात आत साठवलेलं मात्र जातं, म्हणून व्हीएममध्ये काहीच साठवून ठेवायचं नाही.

टिक काढण्याचं काम

आधी व्हीएम बंद करा. तिच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, अडॅप्टर १, ‘अटॅच्ड टू’मध्ये ब्रिज्ड अडॅप्टर निवडा आणि खाली केबलच्या कार्डाचं नाव निवडा. आमचं रिअलटेकचं आहे. वायफायचं कार्ड निवडू नका, त्याचं पुढे सांगते. प्रॉमिस्क्युअस मोड ‘डिनाय’वर असू द्या. व्हीएम चालू करा आणि नेट येतंय याची खात्री करा. या टप्प्यावर दोघांनाही नेट आहे. आधी जिना बांधून घ्या आणि मगच दार बंद करा. उलट क्रमानं केलंत तर काय बिघडलं ते कळणार नाही.

आता होस्टवर. विंडोज आणि आर एकत्र दाबा, एन-सी-पी-ए डॉट सी-पी-एल टाइप करून एंटर. नेटवर्क कार्डांची खिडकी उघडेल. केबलच्या कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. टिकांची एक यादी दिसेल. त्यातल्या चार टिक काढायच्या: क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ आणि इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६. ‘व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर’ ही टिक राहिलीच पाहिजे. तीच गल्लीतला जिना आहे. बाकीच्या, टोपॉलॉजी वगैरे नावाच्या, असल्या तरी चालतं. त्या स्वतःहून इंटरनेटवर जात नाहीत. ओके करा.

व्हर्जन ६ ची टिक विसरू नका, हे मी दोनदा सांगेन. पहिल्यांदा मी फक्त व्हर्जन ४ काढली होती. आयपी पत्ता गेला, मला वाटलं झालं. सहज ब्राउझर उघडला तर गुगल समोर! आमच्या फायबरवर आयपीव्ही६ ही मिळतो, आणि होस्ट त्या वाटेनं निवांत बाहेर जात होता. ज्यांच्याकडे आयपीव्ही६ नाही त्यांनीही टिक काढाच. उद्या कनेक्शन बदललं, राउटर बदलला, तर कुणाला आठवणार आहे?

आता तपासा. होस्टवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग द्या. केबलच्या कार्डाखाली कुठलाच पत्ता दिसायला नको. पिंग ८.८.८.८ (नेट पोचतं का ते बघायचा आदेश) दिलं तर उत्तर यायला नको. आमच्याकडे ‘जनरल फेल्युअर’ येतं. तोच पिंग व्हीएमच्या टर्मिनलमध्ये दिला तर उत्तरं यायला हवीत, आणि व्हीएमचा पत्ता १०.०.२.१५ नव्हे, तर तुमच्या राउटरच्या रांगेतला असायला हवा. आमचा १९२.१६८.१ ने सुरू होतो. १०.०.२ दिसला तर व्हीएम अजून नॅटवरच आहे.

या मांडणीत आणखी एक गोष्ट आपोआप साधते. त्या कार्डावर होस्टला पत्ताच नसल्यामुळे व्हीएमलाही होस्ट नेटवर्कवरून दिसत नाही. दोन्ही बाजूंनी भिंत. फक्त व्हीएमला दुसरं ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे थेट होस्टशी जोडणारं, अडॅप्टर दिलेलं नाही ना ते बघा. दिलं असेल तर काढा. होस्टच्या यादीत व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली कार्ड दिसतं, तेही मी डिसेबल करून ठेवलं आहे.

मागची दारं

समोरचं दार पक्कं केलं तरी मागची दारं राहतात. पहिलं म्हणजे वायफाय. पीसीत वायफाय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते डिसेबल करा. नुसतं डिस्कनेक्ट केलेलं पुरत नाही, कुणीतरी पासवर्ड टाकतोच.

दुसरं दार मला अनुभवानं कळलं. दुपारी मागचा पोरगा मोबाइल चार्जिंगला लावायला ऑफिसात आला, पीसीच्या यूएसबीत केबल घातली. त्याच्या फोनचं यूएसबी टेथरिंग (केबलवरून फोनचं नेट पीसीला देणं) आधीपासून चालू राहिलेलं. विंडोजला ते नवं नेटवर्क कार्ड वाटलं. नव्या कार्डावर टीसीपी-आयपीची टिक आपोआप असते, आणि क्षणात होस्ट नेटवर आला. त्याची यात काडीची चूक नव्हती. दार उघडं राहिलं होतं ते माझ्याकडून. चार्जर लावायला दुसरा बोर्ड दिला, आणि मग फायरवॉल.

विंडोज आणि आर, डब्ल्यू-एफ डॉट एम-एस-सी. उघडलेल्या खिडकीत ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल प्रॉपर्टीज’. तिथे डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तीन पानांवर ‘आउटबाउंड कनेक्शन्स’ ब्लॉक करा. तिन्ही पानांवर, कारण नवं कार्ड सहसा पब्लिकमध्ये येतं. मग डावीकडच्या आउटबाउंड रूल्समध्ये जाऊन आधीपासून चालू असलेले परवानगीचे नियम बंद करा. ब्लॉक केलं तरी हे तयार नियम काही प्रोग्रामना बाहेर जाऊ देतात. व्हीएमला याचा फटका बसत नाही, कारण ब्रिज्ड व्हीएमची पाकिटं होस्टच्या टीसीपी-आयपीतून जातच नाहीत. नॅटवर असती तर तीही अडकली असती.

तिसरं कुलूप राउटरवर. राउटरच्या मॅक फिल्टरमध्ये होस्टच्या कार्डाचा मॅक पत्ता अडवा. व्हीएमचा मॅक वेगळा असतो, व्हर्च्युअलबॉक्स तो ०८:००:२७ ने सुरू करतो, त्यामुळे ओळखायला सोपा. आता उद्या कुणी होस्टवर टिक परत लावली तरी राउटर त्याला बाहेर सोडणार नाही. फोनच्या टेथरिंगला राउटर अडवू शकत नाही, तिथे फायरवॉल. एकाची कसर दुसऱ्यानं भरून काढायची. कोंबडी आणि बिबट्या यांच्यामध्ये एकच जाळी कुणी लावत नाही.

ज्यांच्याकडे केबल नाही, फक्त वायफाय आहे, त्यांचं वेगळं. वायफायवर एकाच कार्डामागून दोन मॅक पत्ते सहसा चालत नाहीत. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमची पाकिटं होस्टच्याच मॅकनं बाहेर पाठवतो. कधी चालतं, कधी नेट येतं-जातं, आणि राउटरवर मॅक अडवला तर दोघंही अडतात. त्यापेक्षा यूएसबीचा वायफाय डोंगल घ्या आणि तो अख्खाच व्हीएमच्या ताब्यात द्या. व्हीएमच्या सेटिंगमध्ये यूएसबीच्या पानावर त्या डोंगलचा फिल्टर टाकला की व्हीएम चालू होताना तो होस्टच्या हातून सुटून तिच्याकडे जातो. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी २ आणि ३ यासाठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागत नाही. हे चांगलं झालं, कारण त्या पॅकचं मोफत लायसन्स वैयक्तिक वापरासाठी आहे, आणि आपलं काम धंद्याचं. एक मात्र लक्षात ठेवा. व्हीएम बंद असताना तो डोंगल होस्टच्या हातात असतो. वरची फायरवॉल लावलेली नसेल तर तो उघडा दरवाजाच.

होस्ट लिनक्स असेल तर काम आणखी सोपं. केव्हीएमवर (लिनक्सच्या स्वतःच्या व्हीएम यंत्रणेवर) मॅकव्हीटॅप ही ब्रिज्डसारखी जोडणी वापरा, आणि होस्टच्या कार्डावर आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्ही ‘डिसेबल्ड’ ठेवा. कार्ड जागं राहतं, पत्ता राहत नाही. मॅकव्हीटॅपवर होस्ट आणि व्हीएम एकमेकांशी बोलू शकत नाहीत अशी तक्रार लोक करतात. आपल्याला तर तेच पाहिजे.

व्हीएमसी आणि प्रिंटर

टिक काढल्यावर होस्टला फक्त इंटरनेटच नाही, ऑफिसातलं नेटवर्कही जातं. नेटवर्कचा प्रिंटर बंद होतो. आमचा प्रिंटर यूएसबीवर होता म्हणून निभावलं.

व्हीएमसीला प्रोग्राम मात्र नेटवर्क केबलनं जायचा. ते थांबलं तेव्हा मिस्त्रीमामा दारात येऊन उभे. “ताई, मशीन उपाशी बसलीय.” त्यासाठी पीसीत दुसरं लॅन कार्ड बसवलं आणि त्यातून थेट केबल व्हीएमसीच्या कंट्रोलरला. मध्ये राउटर नाही, स्विच नाही. या कार्डावर उलटा हिशेब: व्हर्जन ४ ची टिक आहे, व्हर्च्युअलबॉक्सची टिक काढली आहे. आयपी हातानं भरला, १९२.१६८.५०.१, आणि मशीनला १९२.१६८.५०.२. गेटवेचा रकाना रिकामा, डीएनएसचा रकाना रिकामा. गेटवे नसला की बाहेर जायची वाटच नाही. आउटबाउंड फायरवॉलमध्ये फक्त या १९२.१६८.५०.२ साठी एक परवानगीचा नियम केला. ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ हा पर्याय कुठल्याही कार्डावर चालू नसल्याचं बघून घ्या.

आवक आणि जावक

सगळं कुलूपबंद झालं, पण ड्रॉईंग मेलवर येतं व्हीएममध्ये आणि कॅड आहे होस्टवर. ते आत आणायलाच हवं. खरी परीक्षा इथे आहे, आणि इथेच लोक कंटाळून अख्खा डी ड्राइव्ह शेअर करून मोकळे होतात. तसं केलंत तर वरचं सगळं वाया. व्हीएममध्ये खंडणीवाला व्हायरस आला तर शेअर केलेल्या प्रत्येक फाइलपर्यंत त्याचा हात पोचतो.

सरकारी कचेरीत आवक-जावकची दोन बुकं असतात ना, तसे मी दोन फोल्डर केले. ‘जावक’ हा व्हीएमला फक्त वाचण्यापुरता दिला आहे. शेअर्ड फोल्डर जोडताना ‘रीड-ओन्ली’ची टिक असते. बिल, कोटेशन, गिऱ्हाइकाला मंजुरीसाठी पाठवायची पीडीएफ त्यात टाकायची, व्हीएममधून मेल करायची, आणि लगेच फोल्डर रिकामा करायचा. त्यात जे पडून राहील ते नेटच्या हाताशी आहे असं धरायचं. ‘आवक’ हा लिहिण्याचा फोल्डर, पण तो कायमचा जोडलेला नाही. फाइल आणायची तेव्हा जोडते, झाली की काढते. फोल्डरांची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, मिंटमध्ये शोधायला त्रास होत नाही. मिंटमध्ये गेस्ट ॲडिशन्स (व्हीएमच्या आत घालायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) लागतात आणि तुमचा यूजर ‘व्हीबॉक्सएसएफ’ या गटात असावा लागतो. नाहीतर फोल्डर दिसतो पण उघडत नाही.

मेलमधलं ड्रॉईंग आधी व्हीएममध्येच उघडून बघायचं. उघडलं, बरोबर दिसलं, पाठवणाऱ्याला फोन करून विचारलं, मगच आवकमध्ये. मेलवर आलेल्या फाइलींपैकी आवकमधून फक्त डीएक्सएफ, स्टेप आणि पीडीएफ येतात. झिप असेल तर व्हीएममध्येच सोडवून घ्यायची. होस्टवर एक्सप्लोररच्या व्ह्यू टॅबमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ची टिक लावली आहे, म्हणजे शेवटचं लपलेलं ईएक्सई परत कधी लपणार नाही. होस्टच्या अँटिव्हायरसची नवी व्याख्या-फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून व्हीएममध्ये उतरवून आवकमधूनच आणते आणि प्रत्येक आलेली फाइल त्यानं तपासून घेते.

शेअर्ड क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-ड्रॉप दोन्ही ‘डिसेबल्ड’ ठेवा. मुळात ते तसेच असतात, पण कुणीतरी सोयीसाठी चालू करतं. जीएसटीचा पासवर्ड होस्टवर कॉपी केला आणि तो व्हीएमच्या ब्राउझरला मिळाला, असं व्हायला नको. आप्पांना हे जड गेलं. त्यांना नंबर कॉपी-पेस्ट करायची सवय. आता व्हीएमची खिडकी वेगळ्या रंगाच्या वॉलपेपरची आहे, गडद हिरवी, आणि त्यांनी एकच नियम लक्षात ठेवला आहे. हिरव्यात मेल आणि सरकार, बाकीच्यात ड्रॉईंग.

घड्याळ

ही छोटी गोष्ट आहे, पण मला दोन दिवस छळलं तिनं. एका सुट्टीनंतर व्हीएममध्ये एकही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा. पिंग मात्र चालू. मी राउटर बघितला, केबल बदलली. शेवटी नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली, ती कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली होती. नेट असलेला पीसी इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतो, आपला होस्ट ते करू शकत नाही. आणि व्हीएम आपली वेळ होस्टकडून घेते. तारीख मागे गेली की सगळी सुरक्षा प्रमाणपत्रं तिला चुकीची वाटतात. बॅटरी बदला, वेळ हातानं लावा, महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून बघा.

दर शनिवारी

व्हर्च्युअलबॉक्सचं अपडेट घातलं, नवं कार्ड बसवलं किंवा कुणी दुरुस्तीला हात लावला, की टिकांची यादी पुन्हा बघायची. अपडेटमध्ये नेटवर्क ड्रायव्हर काढून पुन्हा बसतो. बरोबर झालं असेल असं धरून चालायचं नाही. याशिवाय शनिवारी संध्याकाळी, मशीन बंद झाल्या की, मी तीन गोष्टी करते. होस्टवर पिंग, उत्तर नाही. व्हीएमवर पिंग, उत्तर आहे. मग माझ्याच फोनचं टेथरिंग चालू करून केबल होस्टला लावते आणि ब्राउझर उघडून बघते. पान उघडलं नाही की फोन काढते, ड्रॉईंगचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते, आणि ती डिस्क पीसीपासून काढून आप्पांच्या कपाटात ठेवते.